काकूंची सवत

"म्हणजे सवतीला घराबाहेर काढायचं म्हणतेस?" काकूंनी पुतणीला विचारलं आणि हातातलं फडकं खुर्चीच्या पाठीवर टाकून त्या तिथेच उभ्या राहिल्या.

घरचा संगणक महिनाभर रडतखडत चालला होता. सकाळपासून पुतणीने त्यातल्या तात्पुरत्या फायली, ब्राउझरची साठलेली कॅश, कधीचे निकामी झालेले प्रोग्राम असा सगळा केर काढला होता. उरला होता एकच, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा. काकांना जन्मापासून दिसत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी उभा जन्म लोकांचे फोन जोडून दिले आणि निवृत्तीनंतर या यंत्रातल्या बाईवर जीव जडवला. बाई लग्नाची बातमी आणि आगीची बातमी एकाच नाकातल्या सुरात वाचायची, वर प्रत्येक वाक्याला 'पूर्णविराम' म्हणायची. काका सकाळी तिच्यासमोर बसले की जेवायलाच उठत. काकूंचा जळफळाट होई, हे सांगायला नकोच.

"काका, हा प्रोग्राम आता फार जुना झाला. त्याच्यामुळेच सगळं अडकतंय. नवीन टाकलाय, ऐका तरी."

नवी बाई बोलली. अगदी लाडात.

"फार गोड बोलते गं. आता उसने पैसे मागेल असं वाटतं," काका म्हणाले. मग जरा थांबून, "काढ जुनीला. मशीन तरी जगू दे."

पुतणीने बटण दाबलं. सवत गेली. काकूंना वाटलं होतं, आपल्याला कोण आनंद होईल. पण काका हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले.

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून नाकात, एकसुरात म्हणाल्या, "चहा गार होतोय पूर्णविराम. पुन्हा मिळणार नाही पूर्णविराम."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आता पेपर वाच," ते म्हणाले.

काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. शाळा चौथीत सुटलेली. अक्षराला अक्षर जुळवत वाचायच्या, म्हणून नवऱ्यापुढे कधी वाचलंच नव्हतं.

"मी अडखळते हो. कंटाळाल तुम्ही."

"लाइन लागेपर्यंत थांबायचं, हेच तर काम केलंय मी जन्मभर."

"तिच्या आवाजात वाचू?"

"नको. तुझ्या."

काकूंनी पेपर उलगडला, ओळीखाली बोट ठेवलं. तिसऱ्याच शब्दाला गाडी अडली. पुतणी सांगायला पुढे सरकली, तशी तिच्या खुर्चीची करकर ऐकून काकांनी हात वर केला आणि तिला थांबवलं. मग शब्द लागला. काकूंनी तो जरा जोरातच वाचला आणि बोट पुढे सरकलं.