दसऱ्याच्या हाराचा दोरा

एकाच गाडीत दोनदा गॅस भरून दीपक परब तोंडावर आपटला होता. लालबागच्या गल्लीत अठरा वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा माणूस, आणि गिरगावच्या कादंबरी तळपदेंची जुनी गाडी त्याला दाद देत नव्हती. दोन्ही वेळा त्याने सकाळच्या मोकळ्या पुलावर गाडी पळवून बघितली, गार हवा आली, आणि "ताई, एकदम टकाटक," म्हणून मोकळा झाला. मग सोमवारी परळच्या सिग्नलला एसीतून गरम वाफा सुटल्या आणि पुढच्या सीटवर बसलेले कादंबरीचे वडील, मनमोहनराव, घामाने डबडबून बेशुद्ध पडले.

आज चारला त्यांना इस्पितळातून घरी सोडणार होते. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना वाकून गाडीत बसता येत नसे. दाराबाहेर वळणारी सीट याच गाडीत बसवून घेतली होती, त्यामुळे टॅक्सीचा प्रश्नच नव्हता. आणि ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं.

"डॉक्टर म्हणाले, पुन्हा उकाडा लागला तर जिवावर बेतेल," कादंबरी म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, दीपकला तेच जास्त लागलं. "मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. गाडी पळते तोवर गार, उभी राहिली की गरम."

सांगितलं होतं खरं. दोन्ही वेळा दीपकसाहेबांनी मान डोलावली आणि गॅसची नळी उचलली. आज ते वाक्य त्याच्या डोक्यात शिरलं. गाडी धावते तेव्हा समोरचा वारा एसीची जाळी थंड करतो. उभी राहिली की ते काम जाळीपुढच्या पंख्याचं. त्याने एसी लावून बॉनेट उघडलं. पंखा ढिम्म. फ्यूज उडाला होता. नवा घातला, तोही उडाला. टॉर्च मारला तर पंख्याच्या दांड्याला दोरा आवळून बसलेला, तेलाधुळीने काळाकुट्ट.

"दसऱ्याला हार घातला होतात?"

"घातला होता. आमच्याकडे हार तोडत नाहीत. आपला आपण गळून जाऊ देतात."

झेंडू गळून गेला होता आणि दोरा आत ओढला गेला होता. दीपकच्या स्वतःच्या बाइकलाही तसाच वाळका हार लोंबत होता, तेव्हा बोलायची सोय नव्हती.

बंपर उतरवायचा तर दोन तास, आणि घड्याळात सव्वातीन. बंपरमागच्या फटीतून त्याचा पंजा आत जाईना. लांब पट्टीला ब्लेड लावून दोरा कापायला गेला, तर तुकडे दांड्यामागे आणखीच रुतले.

तेवढ्यात त्याची आई, रखमा, रिकामा डबा न्यायला आली. डबा भरलेलाच बघून ती तोंड सोडणार, तोच तिला तो दोरा दिसला.

"सर रे वायच. कापू नको. कापशीत तितकी टोकां होतली."

"आये, तुला काय कळतंय गाडीतलं?"

"गाडीतला कळना नाय. सुताचा कळता."

मिल बंद पडेपर्यंत रखमा वाइंडिंग खात्यात होती. दिवसभर सूत गुंडाळायचं, तुटलं की टोक शोधायचं, गाठ मारायची. दीपकला हे ठाऊक होतं, पण आपला जन्म कुठल्या दवाखान्यात झाला हे ठाऊक असतं तितपतच. तिने चावी काढायला लावली, पदर खोचला आणि वाळकुडा हात फटीतून कोपरापर्यंत आत घातला.

"ती बॅटरी बंद कर. उजेडान बोटां आळशी होतत."

तिने डोळे मिटले. चेहरा इतका शांत झाला की दीपकला ती कुणी परकी बाई वाटली. मिनिट गेलं, दोन गेली. कादंबरी श्वास रोखून उभी.

"गावला."

आणि दोरा यायला लागला. रखमा तो डाव्या हाताच्या बोटांवर गुंडाळत गेली, न ओढता, न हिसकता, जणू तो आपल्या पायांनी चालत येत होता. तुटला की ती थांबायची, आत पुढचं टोक चाचपायची, बाहेरच्या टोकाला जोडायची, पुन्हा गुंडाळायला लागायची. वावभर आला, दोन वाव आला. दीपकने त्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला. चार ठिकाणी तुटलेला त्याने डोळ्यांनी बघितला होता, पण एकही गाठ हाताला लागेना. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. हे हात भाकऱ्या थापतात, एवढीच त्याची त्यांच्याशी ओळख होती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी मोठं असं काहीतरी वाटलं. देवळात मान आपोआप झुकते, तशी त्याची मान झुकली.

नवा फ्यूज टिकला. पंखा भिरभिरला. या खेपेला पुलावर न नेता त्याने गाडी उन्हात दहा मिनिटं उभी ठेवली. हवा गारच्या गार. कादंबरीने रखमाचे काळे झालेले हात आपल्या हातांत घेतले आणि निघाली.

पावणेपाचला तिचा फोन आला.

"आम्ही भायखळ्याला अडकलोय. अर्धा तास एकाच जागी उभे आहोत."

"मग?"

"बाबांना थंडी वाजतेय. कुरकुर चाललीये, एसी कमी कर म्हणून."

दीपकला हसू फुटलं आणि त्यातच डोळे भरून आले. त्याने फोन आईच्या कानाला लावला. रखमाने सगळं ऐकून घेतलं.

"तेंका म्हणा, शाल घेवा," ती म्हणाली. "ह्या गारव्यासाठी माझी बोटां सोलली हत."