धक्का पैलतीरी कसा गेला

खोटं वाटत असेल तर मामीला विचारा. ती मामाची बाजू जन्मात घेणार नाही.

मामा नदीवर लाँच चालवायचा. या काठची माणसं त्या काठी नेणं, एवढंच काम. सरकार त्याला सवलतीत डिझेल द्यायचं, पण यंदा जेवढं जाळाल तेवढंच पुढच्या वर्षी. उरलं की कोटा कापला! म्हणून वर्षाचा शेवटचा महिना लागला की मामा लाँच लाकडी धक्क्याला दोरखंडाने बांधायचा, इंजिन फुल सोडायचा आणि पेपर वाचत बसायचा.

"अहो, निघालात कुठे?" मामी काठावरून ओरडायची.

"कुठेच नाही! कोटा वाचवतोय!"

"जाळून वाचवताय? आमच्या माहेरी असली अक्कल कुणाला नव्हती हो!"

इतकी वर्षं ओढ खाऊन धक्का सरकायला लागला. तिकीटखिडकी, आतला कारकून, कारकुनाचा चहा, सगळ्यांसकट. दरवर्षी काठाशी फट पडायची, मामा तिथे नव्या फळ्या ठोकायचा. "लाकूड आहे, फुगतं," म्हणायचा. फेरी लवकर संपायला लागली, तर म्हणे इंजिन सुधारलं! फेरी आखूड, म्हणून डिझेल जास्त उरायचं. जास्त उरलं, म्हणून बांधलेली लाँच आणखी जोरात. शेवटी धक्का पैलतीराला जाऊन टेकला आणि लोक फळ्यांवरून चालत पलीकडे जायला लागले.

नेमका तेव्हाच नवा नियम आला. साहेब स्वतः सांगायला आले, तेही चालतच. "डिझेलची सवलत बंद. आता जितके प्रवासी न्याल, तितकी मदत. लाँच कुठून कुठे जाते?"

"धक्क्यावरून... पैलतीरी."

"धक्का तर पैलतीरीच आहे!"

मामाचा चेहरा पडला. प्रवासी नाहीत तर मदत नाही, आणि दुसरा धंदा त्याला येत नव्हता.

"तोंड काय पाडताय? ओढून नेलात, तसा ओढून आणा," मामी म्हणाली.

"बाजारभावाच्या डिझेलवर?"

"माळ्यावर वल्ही आहेत."

तेव्हापासून मामा दोरखंड बांधून उलट्या दिशेला वल्हवतोय. येणारेजाणारे वरून सल्ले देतात. परवा धक्का बोटभर मागे आला, असं मामाने शपथेवर सांगितलं.

मामी वाकून बघून आली. म्हणाली, "लाकूड आहे, आकसलं असेल."