चिमाबाईचे शंभर

राजेंद्रनं अठ्ठावीस वर्षं उर्शाजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला काढली होती. कामगारानं मशीनला चकवू नये म्हणून जेवढ्या युक्त्या असतात, तेवढ्या त्याला तोंडपाठ. त्यामुळे आईला लकवा मारला तेव्हा, तिच्या उजव्या हाताचं काय करायचं हे आपल्याइतकं कुणाला कळणार नाही, असं त्याला मनापासून वाटलं.

चिमाबाई वडिवळ्याची. सत्तरी उलटली तरी भातलावणीत तरण्या बायांना मागं टाकणारी. आजारपणात तिला कुसगावला लेकाच्या फ्लॅटवर आणलं. गावच्या घराला कुलूप लागलं. त्याची चपटी पितळी किल्ली तिनं कमरेला खोचली ती कुणाच्या हाती दिली नाही. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात तेवढा परक्याचा असल्यासारखा मांडीवर पडून राहायचा. व्यायाम शिकवणाऱ्या अनघा मॅडम कामशेतला बसत. त्या म्हणाल्या, "आजी, बोटांनी रोज शंभर वेळा काहीतरी दाबायचं आणि सोडायचं." चिमाबाईनं मान डोलावली आणि घरी येऊन टीव्ही लावला.

"आई, केलंस का?"

"व्हय."

"किती?"

"लय."

'लय' हा आकडा राजेंद्रला मंजूर नव्हता. दोन रविवार खपून त्यानं एक खोकं बनवलं. वर मोठं लाल बटण, शेजारी हिरवे आकडे, आत लहान सेल. टेबलाला ते पक्कं ठोकून तो म्हणाला, "एकदा दाबलं की एक. महिनाभर रोज शंभर भर, मग तुला वडिवळ्याला सोडतो. आकडा खोटं बोलत नाही."

पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत शंभर झाले. संध्याकाळी त्याची बायको संगीता हसू दाबत म्हणाली, "आत्यांनी डाव्या हातानं दाबलं."

राजेंद्र चिडला नाही. उलट त्याला हुरूप आला. त्यानं डावीकडे दुसरं बटण बसवलं. डावा तळवा त्यावर दाबून ठेवला तरच मोजणी चालणार, उचलला की भोंगा. भोंगा पार खालच्या किराणा दुकानापर्यंत ऐकू जायचा. संगीता खोकं चालू करून स्वयंपाकाला जायची, तासाभरानं येऊन बंद करायची. तरी शंभर भरतच राहिले. चिमाबाई उजव्या कोपरानं दाबत होती. मग राजेंद्रनं लाल बटणाभोवती पाइपाचा तुकडा चिकटवला. आता आत बोटंच जाणार होती.

"मला काय चोर समजतोस व्हय रं?" चिमाबाईनं विचारलं.

"चोराला एवढं करत नाहीत, आई."

त्यानंतर आकडा एकदम पडला. बारा, नऊ, कधी सातच. राजेंद्रला वाईट वाटलं, पण आकडा खरा आहे याचं समाधानही वाटलं. दोन आठवड्यांनी तो एकाएकी शंभरावर गेला आणि तिथंच टिकला. भोंगा नाही, कोपर नाही. त्यानं आकड्याचा फोटो काढून जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'शिस्त.'

शंभराचा महिना भरला तेव्हा तो आईला घेऊन मोठ्या तोऱ्यात अनघा मॅडमकडे गेला. मॅडमनी रबरी चेंडू दाबायला दिला. चेंडू जेमतेम दबला. राजेंद्रचा चेहरा उतरला. मग मॅडमनी टेबलावर पावटे टाकले. चिमाबाईनं उजव्या चिमटीनं एकेक उचलून वाटीत टाकला. बाटलीचं झाकण फिरवलं. साडीची पिन काढून परत लावली.

"हा कुठला व्यायाम?" मॅडम थक्क झाल्या. "मी तर सांगितला नव्हता."

राजेंद्रनं अभिमानानं खोक्याची हकीकत सांगितली, चिमाबाई खिडकीबाहेर बघत बसली. मॅडमनी राजेंद्रला तशीच तीन खोकी बनवून द्यायला सांगितलं.

नमुना म्हणून त्यानं घरचं खोकं खोललं. बाजूच्या झाकणाचे दोन्ही स्क्रू झिजून गुळगुळीत झाले होते. आत, बटणाच्या दोन तारा जिथं जोडल्या होत्या, तिथं पितळेचे बारीक ओरखडे होते. डावा हात बटणावर अडकलेला, म्हणजे हे सगळं उजव्यानंच झालेलं.

"आई, हे काय?"

"किल्लीनं," ती म्हणाली. "पयला स्क्रू निघाया आठ दिस गेलं. मग तारंला तार टेकवली की एक. मोजून शंभर डाव टेकवायची. लय बारीक काम, डोळं दुखायचं."

"अगं, त्यापेक्षा बटण दाबणं सोपं होतं की!"

"आसंल. पर ते तुझं हुतं."

राजेंद्रला हसावं की रागवावं कळेना. त्यानं तो हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला. बोटांवर किल्लीचे घट्टे पडले होते. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला वडिवळ्याला नेलं. कुलूप तिनं स्वतः उघडलं, आणि तो आत टेकायच्या आधीच शेजारणीला हाक मारायला निघून गेली.

मॅडमच्या तिन्ही खोक्यांचे स्क्रू त्यानं मुद्दाम ढिले ठेवले. कारण काही सांगितलं नाही. आपल्या यंत्राचं नाव झालंय, ते राहू द्यावं म्हणून. पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन आला. दोन पेशंट मुकाट्यानं बटण दाबत होते, फरक बेताचाच होता. तिसरे एक निवृत्त हेडमास्तर. त्यांना ढिलं काम खपलं नाही. पेचकस मागून घेऊन त्यांनी तिन्ही खोक्यांचे स्क्रू आवळले होते आणि 'कारागीर निष्काळजी आहे' असा शेरा वहीत लिहिला होता.

"कुठल्या हातानं लिहिला?" राजेंद्रनं विचारलं.

"तेच तर सांगतेय," मॅडम म्हणाल्या, "लकव्याच्याच!"