दसऱ्याच्या तेलाचा थेंब

मी एक जुना स्क्रू आहे. करंगळीच्या नखाएवढा, पण मित्रांनो, हसू नका. इंग्लंडमधल्या मेडनहेडजवळच्या रानात हरणांची संख्या आटोक्यात ठेवायचं काम देवयानी करते. तिच्या रायफलवरची दुर्बीण मी आणि माझे तीन भाऊ धरून ठेवत असू. दुर्बीण केसभर हलली, तरी शंभर मीटरवर गोळी चार बोटं चुकते.

देवयानीचा एकच नियम होता: जनावराला कळायच्या आत सगळं संपलं पाहिजे. नऊ वर्षं तो मोडला नाही. लोक तिच्या हाताचं कौतुक करत. मीही त्यातलं थोडं गुपचूप माझ्या पदरात पाडून घेत असे.

तिचे बाबा पद्माकरराव जन्मभर वॉटफर्डच्या कारखान्यात फिटर होते. दसऱ्याला ते घरातली सगळी हत्यारं पुसून पूजत. गेल्या वर्षी पहिल्यांदाच लेकीची रायफल पाटावर आली. देवयानीसमोरच त्यांनी आम्हाला एकेक करून काढलं, आट्यांवर तेलाचा थेंब सोडला आणि पुन्हा आवळलं. वर हळदीकुंकू, झेंडूचं फूल. “तेलाशिवाय स्क्रू लावायचा नाही, देवू.” इतके लाड माझे कधी झाले नव्हते. पण आमचे आटे कोरडेच हवेत. तेल लागलं की गोळीच्या प्रत्येक धक्क्यानं आमची पकड सुटत जाते.

दुसऱ्या दिवशी तिनं कागदावर नेम तपासला, तेव्हा मी धरून होतो. नोव्हेंबरात मात्र सुटलो. गोळी हरणीच्या पायाला लागली. तिला शोधून यातनांतून सोडवायला देवयानीला दोन तास लागले.

“ती हरीण दोन तास पेनमध्ये तडफडत होती, बाबा. माझा हात हलला. आय कान्ट डू धिस एनी मोअर. उद्या नोटीस देते.”

मला ओरडून खरं सांगावंसं वाटत होतं, पण स्क्रूला कुठलं तोंड!

पद्माकररावांनी रायफल मागून घेतली. त्यांनी नुसतं नख लावलं आणि मी फिरलो. बोटाला तेल लागलं. ते गप्प बसले असते, तर कुणाला काही कळलं नसतं.

“तुझा हात नाही हलला, बाळा. माझं तेल नडलं.”

देवयानी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली. नोटीस तिनं दिली नाही.

मग नवे स्क्रू आले. तिनं आटे स्पिरिटनं पुसले आणि ठरलेल्या जोराला टिक वाजवणाऱ्या मापाच्या पान्यानं आवळले.

“अजून पाव आटा?”

“नको, बाबा. टिक वाजलं की बस.”

मी आता पद्माकररावांच्या चष्म्याच्या डबीत असतो. मित्रांनो, जिवापाड लाड करा, पण ज्याचे करता त्याला काय मानवतं, ते आधी जाणून घ्या. यंदाच्या दसऱ्याला पद्माकरराव कोरडं फडकं घेऊन पाटापुढे बसले आणि रायफलीला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, “देवू, हिला काय लागतं गं?”