ज्या हिवाळ्यात तारा मंदावला

मार्गशीर्षातल्या दुपारी आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ऊन तिरपे उतरे आणि हेमलताच्या उजव्या गालावर येऊन थांबे; डाव्या गालावर मात्र संगणकाच्या पडद्याचा निळसर, गारठलेला उजेड असे. त्या दोन उजेडांच्या मधोमध तिचा चेहरा ऋतुसंधीसारखा दिसे, एक बाजू अजून उबेत, दुसरी थंडीत शिरलेली. बाहेर कापणी झालेल्या खाचरांत वालाची कोवळी रोपे वर येऊ लागलेली असत, पेंढ्याचा सुका, गोडसर वास खिडकीतून आत येई आणि लांबवर माहुलीचे सुळके धुरकट जांभळ्या रंगात उभे असत. तिचे यातल्या कशाकडेच लक्ष नसे. पडद्यावरची एकेक ओळ ती बोटाने, पण बोट न टेकवता, वाचत जाई; मग चष्मा काढून पदराला पुशी आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करी.

शहापूरच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते आणि मुरबाडहून एसटीने येते. हेमलता सापगावची, ती भौतिकशास्त्र शिकवी. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, आणि तेही इतकी वर्षे की तिचा डबा उघडला की वासावरून मला वार कळे. तिचा आवाज मृदू होता, पण वर्गात तो शेवटच्या बाकापर्यंत पोचे. ग्रहांच्या कक्षा शिकवताना ती फळ्याकडे न वळता हवेतच लंबवर्तुळ काढी, आणि ते इतके स्वच्छ असे की हात खाली आल्यावरही क्षणभर तिथे काहीतरी तरंगत राहिल्याचा भास होई. ती कमी हसे. मला वाटे, हा तिचा स्वभाव. माणसाच्या स्वभावात किती भाग स्वभावाचा असतो आणि किती भाग घडून गेलेल्या गोष्टींचा, हे शेजारच्या खुर्चीवरून कळत नाही.

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी जेवण अर्धे टाकून तिने मला तिच्या फोनवरची एक बातमी दाखवली. आकाशातला कुठलासा तारा, ज्याला नावही नाही, नुसता क्रमांक आहे, गेले काही महिने हळूहळू मंद होत चालला होता. त्याच्याभोवती फिरणारे, आपल्याला न दिसणारे काहीतरी त्याच्यासमोरून सरकत असावे, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे होते. असे यापूर्वी कुणी पाहिले नव्हते, असेही त्यात लिहिले होते.

“मी पायलंय,” हेमलता म्हणाली. इतक्या वर्षांत महाविद्यालयाच्या आवारात तिच्या तोंडून मी घरची बोली प्रथमच ऐकली.

त्या दुपारी तिने मला जे सांगितले ते तिने बहुधा कुणालाच सांगितले नव्हते. विशीत असताना ती दक्षिणेकडच्या एका डोंगरावरील वेधशाळेत संशोधनाला गेली होती. सापगावातून तेवढ्या लांब शिकायला गेलेली ती पहिलीच मुलगी. त्या डोंगरावरच्या एका हिवाळ्यात दुर्बिणीवर तिच्या पाळ्या होत्या, आणि तिच्या वाट्याला आलेल्या ताऱ्यांत हा एक तारा होता. तो हिवाळाभर मंदावत गेला. तिने मार्गदर्शकांना सांगितले. ते म्हणाले, आधी उपकरण तपासा, मग ढग तपासा, मग स्वतःला तपासा. तिने तिन्ही तपासले. तारा मंदावतच होता. आता सगळी मोजमापे मांडून त्यांच्यासमोर ठेवायची एवढेच उरले होते, तेवढ्यात घरून निरोप आला की आईला अर्धांगवायू झाला आहे. वडील आधीच गेलेले, भाऊ वाशिंदच्या कारखान्यात नुकता लागलेला. थोड्या दिवसांसाठी म्हणून ती आली. आई तिच्या हातांवर अनेक वर्षे जगली. मार्गदर्शक वारले. वेधशाळेत प्रतिमा साठवायच्या चुंबकीय फितींवर तो हिवाळा राहिला आणि सापगावात हेमलता राहिली.

ज्या संशोधिकेने हे मंदावणे टिपले होते, तिचे नाव बातमीत होते; तिला हेमलताने पत्र पाठवले. आठवड्याच्या आत त्या बाईंचा फोन आला. माझ्यासमोरच आला, म्हणून मी ऐकला. आवाज तरुण, आदबशीर, उत्साहाने किंचित धापा टाकणारा. त्या म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही सांगता ते खरं असेल तर हा तारा किती वर्षांनी मंदावतो ते आपल्याला कळेल. आणि ते कळलं की त्याच्यासमोरून जातंय ते किती मोठं आहे, किती लांब आहे, सगळं कळेल. माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण मला मोजमापं लागतील.”

“नाही मिळाली तर?”

“तर पुढच्या वेळेची वाट पाहायची.”

पुढची वेळ म्हणजे केव्हा, हे दोघींपैकी कुणी बोलले नाही. हेमलताने फोन खाली ठेवला आणि तळहात टेबलावर पालथे घालून ती काही वेळ त्यांच्याकडे पाहत बसली. निवृत्ती जवळ आलेल्या बाईला असल्या हिशेबाला कागद लागत नाही.

त्या वेधशाळेने आपल्या जुन्या नोंदी आता सर्वांसाठी खुल्या केल्या होत्या. संकेतस्थळावर जायचे, ताऱ्याचा आकाशातला पत्ता टाकायचा, काळ निवडायचा, आणि त्या भागाचे कुणी कधी वेध घेतले ते पडद्यावर येते. सापगावात इंटरनेट धड चालत नसे, म्हणून तास संपले की ती प्रयोगशाळेत बसू लागली, आणि शेवटची एसटी चुकणार नाही इतपत मीही तिच्या सोबतीला. पहिल्यांदा काहीच आले नाही. दुसऱ्यांदाही नाही. पत्ता तोच, हिवाळा तोच, आणि उत्तर एकच: नोंद आढळली नाही. ती पुन्हापुन्हा तेच विचारी, जसे आपण बंद दाराशी पुन्हापुन्हा त्याच नावाने हाक मारतो.

मग एके दिवशी वर्गात शिकवता शिकवता तिला कारण सापडले आणि तास संपताच ती जवळजवळ धावत आली. पृथ्वीचा आस डुलत्या भोवऱ्यासारखा अत्यंत मंद गतीने कलत असतो, आणि त्यामुळे ताऱ्यांचे पत्ते पिढीगणिक थोडे सरकतात. तिने आजचा पत्ता विचारला होता. तिच्या तरुणपणी लिहिला गेलेला पत्ता जुना होता. तिने शोधाची कक्षा रुंद केली, आणि पडद्यावर ओळी उतरू लागल्या. एक, मग तिच्याखाली दुसरी, मग पडदा भरेतो. तारखा, वेळा, ताऱ्याचा क्रमांक, आणि वेध घेणाऱ्याच्या रकान्यात तिच्या नावाची आद्याक्षरे.

तिने खुर्ची मागे सरकवली. “मी हाय गो इथं,” ती म्हणाली. “शैला, बघ. मी हाय.”

त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे उमलले ते मी त्यापूर्वी पाहिले नव्हते, नंतरही नाही. पळसाला पानगळीनंतर एकाएकी रंग यावा, आणि आपण इतके दिवस त्याच झाडाखालून गेलो होतो हे आठवून चकित व्हावे, तसे मला झाले.

पण ओळी म्हणजे प्रतिमा नव्हेत. ओळींवरून एवढेच कळे की वेध घेतले गेले होते. प्रत्यक्ष प्रतिमा जुन्या फितींवरून उतरवून घ्यायला मागणी नोंदवावी लागे. तिने ती नोंदवली. उत्तराची वाट पाहण्यात माघ गेला, फाल्गुन लागला. शेतांवर भाताच्या रोपांसाठी राब भाजायला सुरुवात झाली. पालापाचोळ्याचा निळा धूर खाचरांवरून सरपटत महाविद्यालयाच्या आवारापर्यंत येई आणि डोळे चुरचुरत. या दिवसांत मी एकदा तिच्या घरी गेले होते. तिचा भाऊ, किशोर, अंगणात वाल पाखडत होता. मला पाहून त्याने सूप खाली ठेवले.

“बाई, तुमीच सांगा. ताईचं काय चाललंय? जेवताना पण फोनच बघतेय. काय गावलं का तिला?”

“अजून नाही,” मी म्हणाले.

“माझ्यापायी सोडून आली ती,” तो हळूच म्हणाला. “मी तवा नवा लागलेलो. सुट्टी घेतली तर कामावरनं काढतील, असा बोललो होतो. ती काय बोलली नाय. आली नि चुलीम्होरं बसली.” त्याने सूप पुन्हा उचलले, पण पाखडले नाही.

उत्तर आले ते होळीच्या अलीकडे. दुपारची वेळ होती, वीज दोनदा गेली, दोन्ही वेळा प्रतिमा अर्ध्यावर तुटल्या आणि हेमलताने शांतपणे पुन्हा पहिल्यापासून उतरवायला घेतल्या. सोबतचे पत्र तिने आधी वाचले नाही. आधी प्रतिमा उघडली. पडदा काळा झाला. त्या काळोखात बारीक, करड्या रंगाची भुरभुर, जशी भाताच्या कोंड्याची धूळ उन्हात दिसते. दुसरी उघडली. तीही तशीच. तिसरी. मला वाटले तारे लहान असतील, मला ओळखता येत नसतील. पण तिचा हात थांबला होता.

मग तिने पत्र उघडून मला मोठ्याने वाचून दाखवले, वर्गात उतारा वाचावा तसे, एकाही शब्दावर न अडखळता. आकाशाच्या प्रतिमा असलेल्या फितींना दमट हवेने बुरशी धरली होती आणि त्या वाचता आल्या नाहीत. नोंदींची यादी वेगळी ठेवली होती, म्हणून ती टिकली. त्याच रात्रींच्या काही चाचणीच्या प्रतिमा दुसऱ्या फितीवर होत्या, त्या सोबत जोडल्या होत्या. खेद व्यक्त केला होता.

“चाचणीच्या म्हणजे?” मी विचारले.

तिने सांगितले. कॅमेऱ्याची स्वतःची अशी एक खरखर असते. ती किती आहे हे कळावे म्हणून रोजच्या पाळीच्या शेवटी कॅमेऱ्याचे झाकण बंद ठेवून, आत एकही किरण येऊ न देता, नुसत्या अंधाराच्या काही प्रतिमा घेतात. आणि मग ताऱ्यांच्या प्रतिमांतून तो अंधार वजा करतात.

“वजा करायचं ते राह्यलं,” ती म्हणाली. “ज्याच्यातनं वजा करायचं ते गेलं.”

ती रडली नाही. घंटा झाली, तशी उठून अकरावीच्या तासाला गेली. भिंतीपलीकडून तिचा आवाज नेहमीसारखा स्पष्ट येत होता, आणि मी त्या काळ्या पडद्यासमोर एकटी बसून राहिले. तिने त्या प्रतिमा घेतल्या तेव्हा ती विशीत होती. बाहेर ताऱ्यांनी भरलेले आकाश होते, आणि तिने झाकण लावले होते. तेवढेच काळाने तिच्यासाठी राखून ठेवले होते.

संशोधिकेला तिने दोन ओळींत कळवले. त्या बाई मनाच्या मोठ्या होत्या. त्यांनी पुन्हा फोन केला. म्हणाल्या, निबंधात तुमचं नाव घालते, असं पूर्वीही घडल्याचं तुम्ही सांगता, असं लिहिते. हेमलता म्हणाली, “नको. दाखवता येत नाही ते छापू नका. उद्या माझ्या विद्यार्थ्याने असं लिहिलं तर मी गुण देणार नाही.” पुढे निबंध प्रसिद्ध झाला. तिने तो मला वाचायला दिला, मला कळला तेवढा मी वाचला. हा तारा पूर्वी कधी मंदावला होता का, याचा पुरावा उपलब्ध नाही, असे त्यात म्हटले होते. ते अगदी खरे होते.

त्यानंतरच्या वर्षी ती निवृत्त झाली. शेजारच्या खुर्चीवर नवे शिक्षक आले. मी सुट्टीत कधीमधी सापगावला जाते. भातसा नदीच्या बाजूने वारा येतो, ओटीवर बसले की पुलावरची रहदारी ऐकू येते, आणि किशोरची बायको चहा आणून ठेवते. हेमलता आता कमी बोलते. बोलताना हवेत लंबवर्तुळ काढणारा तो हात मांडीवर निजलेला असतो.

परवाच्या भेटीत ती एकदम म्हणाली, “शैला, तो खरंच मंदावलेला का गो? का माझेच डोळे दमलेले? जागरणं व्हायची. थंडी असायची. माणसाला वाटतं कायपण.”

“तू पाहिलंस, हेमा,” मी म्हणाले. “तूच तर सांगितलंस.”

“तू कुठं होतीस तिथं,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता. एखादे गणित तपासावे तशी तिने माझी साक्ष तपासली आणि बाजूला ठेवली. मग म्हणाली, “आधी मला रोज दिसायचा. कुठल्या रात्री किती मंद, सगळं. आता नुसतं आठवतंय की मला आठवायचं.”

खाचरांवर ऊन कलत होते आणि ती समोर, माझ्या हाताच्या अंतरावर, धडधाकट बसली होती. काळ माणसाला घेऊन जातो तेव्हा मागे राहिलेले रडतात, नाव घेतात, दिवस घालतात. पण कधी कधी तो माणसाला इथेच, ओटीवर, चहाच्या कपाशी बसलेले ठेवतो आणि त्या माणसाने पाहिलेले तेवढेच उचलून नेतो, आणि त्या जाण्याला कुणाच्याही घरी सुतक नसते.