आचारीकाकांची चिमूट

"बाबा, बोटांनी नको. काट्यावर घ्या," मुलगी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, आणि आचारीकाकांचा डबीत गेलेला हात तिथंच थांबला.

डबीत तांबूस भुकटी होती, लोहाची. मागच्या अंगणात माशांची टाकी, तिच्यावर खडीनं भरलेला वाफा आणि वाफ्यात पालक, पुदिना. पालकाची कोवळी पानं पिवळी पडत चालली होती. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या होत्या. काकांनी मुकाट्यानं काटा आणला, मुलीनं सांगितलं तेवढी भुकटी तोलली, मगभर पाण्यात विरघळवून वाफ्यात ओतली. पण मनातून ते दुखावले होते. उभ्या हयातीत ज्यानं मीठ तोलून घातलं नाही, त्याला स्वतःच्या घरात चिमूट नाकारली जात होती.

काका कारखान्याच्या कँटीनचे मुख्य आचारी. वयानं मोठे असलेले कामगारसुद्धा त्यांना आचारीकाकाच म्हणत. पातेलं कितीही दांडगं असो, काका पाचही बोटं बरणीत घालत, पातेल्यावरून हात फिरवत, आणि मीठ बेतशीर पडे. मग एकदा त्यांना ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास आणि चव घेऊन गेला. काकांनी कोणाला पत्ता लागू दिला नाही. हाताला सवय आहे, निभावून नेऊ, असं त्यांना वाटलं. एका दुपारी त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर कामगार भाजीत गुपचूप पाणी ओतून घेत होते, आणि काका दिसताच "झकास झालीय" म्हणून माना डोलवत होते. कोणी शिव्या घातल्या असत्या तर काका भांडले असते. ही माया मात्र त्यांना झेपली नाही. संध्याकाळी त्यांनी कोठीच्या किल्ल्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या आणि घर गाठलं.

घरी ते नुसते बसून राहू लागले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती; घरात मुलगी तेवढी. ती दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करी. बापाचं बसणं तिला बघवेना, म्हणून तिनं ही टाकी मांडली आणि त्यांना सगळं समजावलं. माशांची घाण पंपानं वाफ्यात चढते, खडीतले जंतू तिचं खत करतात, ते झाडं घेतात आणि पाणी निवळून परत टाकीत येतं. फक्त लोह, पालाश, चुना यांची माशांच्या खाद्यातून पुरती भर पडत नाही. ते वरून द्यावं लागतं. द्यायचं तेही तोलून, एका वेळी एकच, आणि मग थांबायचं. कारण झाडाच्या तोंडात जे जाईल ते माशाच्या अंगातूनही जाणार.

काकांना थांबणं तेवढं जमेना. कँटीनमध्ये भाजी फुकट जायला लागली तर ती घंटा व्हायच्या आत सावरावी लागे. इथं लोह घालून चार दिवस झाले तरी पानं पिवळीच, आणि त्यात पुदिन्यावर ठिपके दिसायला लागलेले. कुंपणापलीकडे राहणाऱ्या पेंटरच्या टोमॅटोवर मात्र डाग म्हणून नव्हता. काकांनी विचारलं, तर पेंटर म्हणाला, तो बुरशीवर मोरचूद मारतो. टाकीबिकीचं त्याला काही ठाऊक नव्हतं. शेजारधर्म म्हणून त्यानं पुडी बांधून दिली. काकांनी निळे खडे कुटले, आणि मुलगी कामावर गेल्यावर पाचही बोटं पुडीत घालून टाकीवरून हात फिरवला. त्या दिवशी त्यांना फार दिवसांनी बरं वाटलं.

दुपारी ते अंगणात आले तेव्हा मासे पाण्यावर येऊन तोंडं उघडत होते. एक आडवा झाला होता.  काकांनी मुलीला फोन लावला.

"पाण्यात काय घातलंत?" तिनं पहिलंच विचारलं.

काही नाही, असं म्हणता आलं असतं. ते ओठांपर्यंत आलंही होतं.

"मोरचूद," काका म्हणाले. "चिमूटभर."

"तुमची चिमूट की माझी?"

"माझी."

 ती रागावली नाही की रडली नाही. भराभर सांगू लागली. टाकीतलं पाणी आता कामाचं नाही. क्लोरीन उडून जावं म्हणून नळाचं पाणी मोठ्या पिंपात भरून ठेवलंय, त्यात मासे हलवा. आणि पाण्यात हवा खेळती ठेवा, काहीही करून. मी निघालेच.

पिंपात सगळे मावणार नव्हते. पेंटर आपल्या बादल्या घेऊन धावत आला, पण त्यांना रंगाचा वास येत असेल असं काकांना वाटलं. स्वतःच्या नाकाचा भरवसा नव्हता. त्यांनी माळ्यावरून स्टीलची मोठी पातेली काढली, पिंपातल्या पाण्यानं भरली आणि मासे जाळीनं उचलून त्यांत सोडले. मग मोठा डाव घेतला. पाणी डावानं उचलायचं, हात उंच करायचा आणि धार खाली सोडायची. उकळतं दूध निववायला असंच करत असत ते. या पातेल्यातून त्या पातेल्याकडे, तिथून पिंपाकडे. पेंटर बिचारा चार वेळा म्हणाला, माझ्याकडे द्या. पण काकांनी डाव सोडला नाही. मुलगी हवेचा पंप घेऊन आली, तेव्हा त्यांचा खांदा थरथरत होता आणि सदरा ओलाचिंब झाला होता.

थोडे मासे गेले. जास्त वाचले.

पुढचे दिवस निस्तरण्यात गेले. दोघांनी टाकी उपसली, खडी पुन्हा पुन्हा धुतली, पालक-पुदिना उपटून टाकला. तो खाण्याजोगा राहिला नव्हता. खडीतले जंतूही मेले असणार, म्हणून सगळं पहिल्यापासून. मासे तोवर प्लॅस्टिकच्या हौदात राहिले. खडी धुता धुता मुलीच्या तोंडून एक गोष्ट निघून गेली. दुसऱ्या गावातल्या मोठ्या रुग्णालयात तिला जागा मिळत होती; तिनं अजून होकार कळवला नव्हता.

"का?" काकांनी विचारलं.

ती खडी चोळत राहिली.

"माझ्यामुळं?"

"तुम्ही दिवसभर बसून राहायचात, बाबा."

 दुसऱ्या दिवशी काकांनी काटा धुऊनपुसून अंगणातल्या फळीवर मांडला. पाणी तपासायच्या कागदी पट्ट्यांचे रंग चष्मा लावून बघायला शिकले. मासे टाकीत परतले, नवी रोपं लागली आणि कोवळी पानं पुन्हा पिवळी निघाली. काकांनी लोह तोललं, विरघळवलं, ओतलं, आणि खुर्ची घेऊन समोर बसले. हात शिवशिवत होते. पेंटरनं कुंपणावरून विचारलं, काय चाललंय. काका म्हणाले, "काही नाही. वाट बघणं पण कामच आहे."

ती पिवळी निघालेली पानं तशीच राहिली. पण त्यांच्यानंतर आलेलं पान हिरवं होतं. काकांनी ते मुलीला बोलावून दाखवलं आणि ती वाकून बघत असतानाच म्हणाले, "त्या लोकांना कळव. येते म्हणून."

ती निघाली त्या सकाळी काकांनी बॅग फाटकापर्यंत नेली. ती काय काय बजावणार, याची त्यांनी मनाशी तयारी केली होती. तिनं वेळेवर जेवायला सांगितलं, अंगावर दुखणं काढू नका म्हणाली, पाया पडली. टाकीबद्दल एक अक्षर काढलं नाही.

रिक्षा वळणापलीकडे गेल्यावर काकांच्या ते ध्यानात आलं. ते थोडा वेळ फाटकाशी उभे राहिले. मग अंगणात येऊन त्यांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. त्यांची सावली पाण्यावर पडली आणि मासे तिच्याकडे आले.