पाचव्या सापळ्याची पिशवी

तबेल्यात मी पाच सापळे टांगले होते. छोटा दिवा, खाली पंखा, त्याखाली जाळीची पिशवी. चावरी चिलटं उजेडाकडे येतात, पंखा त्यांना पिशवीत ओढतो आणि सकाळी मी ती मोजत बसते. याचा पगार मिळतो का, असं लोक विचारतात. मिळतो.

पाचवा सापळा म्हातारीपाशी होता. म्हातारी म्हणजे खाजवून खाजवून अंगभर चट्टे पडलेली घोडी. तिचा रोग बाकीच्यांना लागेल म्हणून मालक तिला शनिवारी इंजेक्शन देऊन कायमची झोपवणार होते. मला वाटत होतं, ही नुसती चाव्यांची खाज आहे. पण माझ्या वाटण्याला कोण विचारतो? पुरावा हवा होता.

आणि तिसऱ्या सकाळीही पाचवी पिशवी रिकामी! चिलटं राहू द्या, एक पाकोळीसुद्धा नाही. रात्रभर दिवा जळतो आणि पाकोळी फिरकत नाही? माझं डोकंच फिरलं.

"काका, पिशवीला कोण हात लावतंय?"

काका तिथले मोतद्दार. म्हातारी शिंगरू होती तेव्हापासून तिचं सगळं तेच बघायचे. आधी त्यांनी कानांवर हात ठेवले, मग मान खाली घातली.

"ताई, पिशवी गच्च भरायची हो. म्हटलं, एवढे किडे दिसले तर तिच्यावर बालंट येईल. म्हणून तुम्ही यायच्या आत काढून घ्यायचो."

"अहो, तेच किडे तिला वाचवणार होते! कुठे फेकलेत?"

"फेकीन कसा? तुमच्या ऑफिसचा माल तो."

खोगिरामागून त्यांनी बिस्किटांचा डबा काढला. आत तीन पुड्या, प्रत्येकीवर वार लिहिलेला. हसावं की रडावं, मला कळेना.

दुपारी मालकांसमोर मोजणी मांडली. म्हातारीपाशी इतरांच्या वीसपट चिलटं होती, बहुतेकांची पोटं रक्ताने फुगलेली. तिच्या मागेच गळक्या हौदाचा चिखल होता आणि चिलटं त्यातच वाढत होती. मालकांनी बराच वेळ डोकं खाजवलं.

"ठीक आहे, महिनाभर बघू," ते म्हणाले.

हौद दुरुस्त झाला, चिखल उपसला. महिन्याने पाचवी पिशवी उघडली, तर चिलटं जेमतेम चार. मी काकांकडे रोखून पाहिलं.

"म्हातारीची शपथ, ताई! हात नाही लावला."

पिशवीत पाकोळ्यांची नुसती झुंबड उडाली होती, म्हणून माझा विश्वास बसला. चार शनिवार होऊन गेले होते आणि म्हातारीच्या चट्ट्यांवर नवे केस आले होते.